आधी भिंत, मग गाडी

शोरूममध्ये गाडीचे पैसे भरून झाले की समोर एक छापील यादी येते. मॅट, मडफ्लॅप, सीटकव्हर, दारांच्या कडेच्या पट्ट्या, डॅशकॅम, काचांची फिल्म, गाडीच्या पोटाला लावायचं कोटिंग. घरची मंडळी हार-नारळ घेऊन आलेली असतात, दिवस आनंदाचा असतो आणि यादीवर खुणा होत जातात. तिथे हात आवरला तरी पुढच्या रविवारी करोल बागेतला गाडीच्या सामानाचा बाजार असतोच. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या गाडीवाल्यांचा हा जुना शिरस्ता आहे. गाडी दुकानासमोर लावायची, चहा घ्यायचा आणि तासाभरात सजलेली गाडी घेऊन परतायचं. काहीही विचारलं तरी दुकानदार म्हणतो, "सब लग जाएगा." पेट्रोलच्या गाडीला खरोखरच बहुतेक सगळं लागायचंही.

इलेक्ट्रिक गाडीला ही सवय जशीच्या तशी लावू नये. या गाडीत तीन गोष्टी बदललेल्या असतात. पेट्रोल पंप आपल्या पार्किंगच्या भिंतीवर आलेला असतो. गाडीचं सुरू होणं, चालणं, चार्ज होणं हे सगळं बारीक वायरींमधून फिरणाऱ्या संदेशांवर चालतं. आणि पायाखाली, गाडीच्या तळाला, अडीच-तीनशे किलोची बॅटरी बसलेली असते. म्हणून कोणतीही वस्तू घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही वस्तू भिंतीला, वायरीला की बॅटरीला हात लावते? यापैकी कशालाही लावत नसेल, तर ती बहुतेक वेळा हौसेने घ्या, अपवाद पुढे येतीलच. लावत असेल, तर पुढची पानं सावकाश वाचा.

गिझर पंधरा मिनिटं, गाडी दहा तास

पहिला खर्च गाडीवर नाही, भिंतीवर करावा. लहान इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी साधारण ३० युनिट वीज साठवते. सोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर १६ अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीनेक युनिट घेतो. म्हणजे रिकामी बॅटरी भरायला दहा तास. घरातला गिझरचा प्लगही १६ अँपिअरचाच असतो, पण गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी त्याच प्लगमधून रात्रभर, न थांबता, १४ अँपिअरच्या आसपास वीज ओढत राहते. आपल्या घरांतले प्लग अशा कामासाठी बसवलेले नसतात.

द्वारकेतल्या एका सोसायटीत एका परिचितांनी त्यांचा जुना प्लग मला दाखवला होता. पांढऱ्या प्लॅस्टिकवर एका भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ होतं. आतली पितळी पट्टी सैल पडली होती आणि वायरीचं वेष्टन टोकाशी कडक होऊन तडकलं होतं. त्यामागचं गणित सोपं आहे. सैल जोडात समजा फक्त ०.१ ओहमचा विरोध आहे. त्यातून १४ अँपिअर गेले की १४ गुणिले १४ गुणिले ०.१, म्हणजे सुमारे २० वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचं लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तसंच एक आयर्न प्लगच्या आत दहा तास तापत ठेवल्यावर आणखी काय होणार? एमसीबी अशा वेळी पडत नाही, कारण वीज जास्त वाहतच नसते. ती ठरलेलीच वाहते, फक्त चुकीच्या जागी तापते.

म्हणून गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर ओढून घ्यावी. त्या वायरीवर दुसरा दिवा नको की पाण्याची मोटार नको. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या मीटरपासून स्टिल्ट पार्किंगपर्यंत तीस मीटर वायर सहज लागते. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्या अंतरात जाता-येता सहा व्होल्ट आणि पंच्याऐंशी वॉटच्या पुढे उष्णता वाया जाते. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर ती पंचावन्नच्या आसपास येते. ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर लावायचा असेल, तर तो ३२ अँपिअर घेतो, त्याला किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर हवी. प्लग औद्योगिक दर्जाचा, झाकणाचा घ्यावा. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच असावा. भिंतीवरच्या चार्जरमध्ये डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हे विकत घेतानाच विचारावं. नसेल तर महागडा टाइप बी आरसीसीबी वेगळा लावावा लागतो.

चार्जर किती उंचीवर लावायचा हेही दिल्लीत महत्त्वाचं आहे. २८ जून २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तळघरांत पाणी भरलं. गुडघ्याच्या उंचीवर चार्जर लावणं सोयीचं वाटतं, पण तो छातीच्या उंचीवरच हवा.

मीटरबद्दलही एक गोष्ट दिल्लीकरांनी नीट समजून घ्यावी. दिल्लीत घरगुती मीटरवर महिना २०० युनिटपर्यंत वीज मोफत आणि ४०० पर्यंत सवलतीत देणारी योजना २०१९ मध्ये सुरू झाली. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी गाडी दीडशेच्या आसपास युनिट घेते. ती घरच्या मीटरवर चढली की घर सवलतीच्या टप्प्याबाहेर जाऊ शकतं. इलेक्ट्रिक गाडीसाठी दिल्लीत वेगळी जोडणी मिळते आणि नियामक आयोगाने तिचा मूळ दर युनिटला ४.५० रुपये ठरवला होता, अधिभार त्यावर वेगळे. बीएसईएस किंवा टाटा पॉवरकडे अर्ज करण्यापूर्वी आपल्या गेल्या वर्षाची बिलं समोर घेऊन बसावं. गुरुग्राममध्ये दक्षिण हरियाणा वीज वितरण निगम आणि नोएडात पश्चिमांचल विद्युत वितरण निगम वीज पुरवतं, त्यांचे दर आणि नियम वेगळे आहेत.

आर्थिंगची फसवणूक करू नका

प्रवासात ढाब्यावर किंवा गावच्या घरी चार्जर लावला की कधी कधी त्यावर लाल दिवा लागतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: आर्थिंग नाही, किंवा आहे ते निकामी आहे. यावर बाजारात एक 'उपाय' मिळतो. न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेला छोटा प्लग. तो लावला की चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो आणि चार्जिंग सुरू होतं.

हा प्लग कधीही वापरू नये. न्यूट्रलची वायर कुठेतरी तुटली किंवा सैल झाली, की परतीचा रस्ता बंद झालेली वीज त्या जोडातून अर्थच्या वायरीवर येते आणि तिथून थेट गाडीच्या पत्र्यावर. बाहेरून काहीही दिसत नाही. पाऊस पडलेला असतो, जमीन ओली असते आणि कोणीतरी दाराच्या कडीला हात लावतं. लाल दिवा हा चार्जरचा बिघाड नसून त्याने दिलेला इशारा असतो. वायरमनला बोलावून आर्थिंग तपासून घेणं हाच त्यावरचा मार्ग. घरातला चार भोकांचा एक्स्टेन्शन बोर्डही बाद. त्याची वायर दहा तासांच्या भारासाठी नसते.

मोठी बॅटरी भरलेली, गाडी तरीही बंद

डॅशकॅम ही दिल्लीच्या रस्त्यांवर खरोखर उपयोगी वस्तू आहे. पण ती जोडताना इलेक्ट्रिक गाडीची एक खुबी माहीत हवी. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक तळाची मोठी, शेकडो व्होल्टची. दुसरी नेहमीच्या गाडीसारखी १२ व्होल्टची छोटी. दारं उघडणं, पडदा उजळणं आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीची जोडणी सुरू करणारे स्विच ओढून धरणं, ही सगळी कामं छोटी बॅटरी करते. ती उतरली तर मोठी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

डॅशकॅम 'पार्किंग मोड'वर ठेवला की तो थोडी थोडी वीज घेत राहतो. समजा ०.४ अँपिअर. छोट्या बॅटरीतले २० अँपिअर-तास संपायला पन्नास तास पुरतात, म्हणजे जेमतेम दोन दिवस. गणपतीला गाडी नोएडात उभी ठेवून दहा दिवस पुण्याला गेलात, तर परत आल्यावर काय होईल याचा अंदाज येईल. काही गाड्या मोठ्या बॅटरीतून छोटीला आपोआप भरत राहतात, काही नाहीत. आपली कोणत्या प्रकारची आहे हे पुस्तिकेत पाहावं. डॅशकॅम घेताना ठरावीक व्होल्टच्या खाली आपोआप बंद होणारी जोडणी मागावी. आत लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा, कारण २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला ४६.८ अंश तापमान होतं आणि उन्हात उभ्या गाडीत, काचेला चिकटलेल्या वस्तूचं तापमान त्याहून कितीतरी वर जातं.

आता जोडणीची पद्धत. डॅशकॅमची वीज फ्यूजच्या पेटीतून, योग्य क्षमतेचा वेगळा फ्यूज लावून घ्यावी. वायर कापून, सोलून, पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणं ही बाजारातली सर्रास पद्धत इथे चालू देऊ नये. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात एका टाटा नेक्सॉन ईव्हीने पेट घेतल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तपासणीनंतर कंपनीने जाहीर केलं की गाडीचा डावीकडचा हेडलॅम्प काही काळापूर्वी अनधिकृत वर्कशॉपमध्ये बदलला होता. तो बसवताना राहिलेल्या दोषांमुळे हेडलॅम्पच्या भागात विजेचा बिघाड झाला आणि आग लागली. इलेक्ट्रिक गाडी पेटली की सगळ्यांचं बोट बॅटरीकडे जातं. इथे कंपनीच्या म्हणण्यानुसार सुरुवात झाली होती दिव्याच्या वायरीपासून. जास्त वॉटचे एलईडी, धुक्यासाठी बंपरवर लावलेले जादा दिवे, मोठा हॉर्न, दारात लुकलुकणारे लोगो ही सगळी याच वर्गातली खरेदी आहे. हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्यात चांगला दिवा हवा हे खरं, पण तो त्याच मॉडेलचा, कंपनीच्या कपलरमध्ये बसणारा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लावलेला हवा. गाडीतल्या नारिंगी रंगाच्या केबल मात्र उच्च दाबाच्या असतात. त्यांना दुकानातल्या कोणीही हात लावता कामा नये.

मॅट, सीटकव्हर आणि एक छोटी क्लिप

वायर नसलेल्या वस्तू सुरक्षित असतात असं आपण धरून चालतो. पण २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एक लेक्सस गाडी थांबेनाशी झाली आणि चार माणसं गेली. त्या गाडीत दुसऱ्या, मोठ्या मॉडेलचं रबरी मॅट टाकलं होतं आणि त्यात ॲक्सिलरेटरचं पेडल अडकलं होतं. टोयोटाला त्यानंतर सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना मॅट काढून ठेवायला सांगावं लागलं. इलेक्ट्रिक गाडीत पेडल दाबताच पूर्ण जोर मिळतो, म्हणून इथे ही काळजी दुप्पट. मॅट आपल्याच मॉडेलचं असावं, जमिनीवरच्या खुंट्यांत घट्ट बसावं आणि कंपनीच्या मॅटवर दुसरं मॅट कधीही टाकू नये. पेडल पूर्ण दाबून सोडून पाहावं, ते मॅटला कुठेही घासता कामा नये.

सीटकव्हर घेताना पुढच्या सीटच्या दाराकडच्या बाजूला 'एअरबॅग' अशी छोटी चिठ्ठी शिवलेली आहे का ते बघा. असेल तर त्या सीटच्या कडेतून एअरबॅग फुटून बाहेर येते. चामड्यासारखं जाड, घट्ट कव्हर तिचा रस्ता अडवतं. त्या बाजूची शिवण मुद्दाम कमकुवत ठेवलेलं किंवा ती बाजू उघडी सोडणारं कव्हरच घ्यावं.

आणि ती क्लिप. सीटबेल्टच्या खाचेत अडकवली की सूचनेची पिपाणी बंद करणारी. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा अपघाती मृत्यू झाला. दोघे मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते. त्यानंतर या क्लिपकडे देशाचं लक्ष गेलं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांना त्या विक्रीतून हटवायला लावल्या आणि १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. काही रुपयांची ती वस्तू कोणाकडे अजून असेल, तर आजच मोडून कचऱ्यात टाकावी.

काच, बंपर आणि पोट

दिल्लीच्या उन्हात काचेला फिल्म लावावीशी वाटणं स्वाभाविक आहे. नियम असा की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे नियमांतली भाषा बदलली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ठरलेल्या मर्यादेतल्या फिल्मला मुभा देणारा निकाल दिला. तरीही दिल्लीच्या नाक्यावर दंडाची पावती फाटू शकते. उभ्या गाडीत पुढच्या काचेआड घडीचा चंदेरी पडदा लावावा आणि निघण्यापूर्वी, चार्जर लावलेला असतानाच, मोबाइलवरून एसी सुरू करावा. गाडी गार करण्याची वीज मग भिंतीतून येते, बॅटरीतून नाही.

बंपरपुढचे लोखंडी गार्ड घेऊ नयेत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळून धक्का पोटात घ्यावा अशीच त्याची रचना असते. गार्ड तो धक्का सरळ सांगाड्याकडे पोहोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो.

गाडीच्या पोटाखाली लावायची संरक्षक पत्र्याची प्लेट मात्र विचार करण्याजोगी आहे. सोसायट्यांचे उंच गतिरोधक आणि खोदलेले रस्ते बॅटरीच्या तळाला घासतात. पण प्लेट कंपनीने दिलेल्या भोकांतच बसावी, तळाला नवीन भोक पाडू नये, जॅक लावायच्या जागा मोकळ्या राहाव्यात. नसेल जमत, तर गतिरोधक तिरका ओलांडणं हे फुकटचं संरक्षण आहे.

श्वास आणि स्टेपनी

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा निर्देशांक ४९० च्या वर गेला. त्या दिवसांत सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असते: केबिन फिल्टर. सिगारेटच्या सॉकेटमध्ये खोचायचे छोटे 'प्युरिफायर' घेण्यापेक्षा त्याच पैशात पीएम २.५ अडवणारा, बरोबर मापाचा फिल्टर घ्यावा आणि दिवाळीच्या आधी बदलावा. त्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, एवढं पाहावं. उलटा किंवा सैल बसलेला फिल्टर कडेने धूळ आत सोडतो. आतलीच हवा फिरवत ठेवायची असेल, तर दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडी बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर डोळ्यांवर झापड येते.

स्टेपनीचंही बघून ठेवावं. जुलै २०२० च्या बदललेल्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीला स्टेपनीची सक्ती नाही आणि अनेक इलेक्ट्रिक गाड्या तिच्याविना येतात. यमुना एक्स्प्रेसवेवर रात्री पंक्चर झाल्यावर हे लक्षात येऊ नये. १२ व्होल्टचा पंप, रबरी वाती, हातमोजे आणि टॉर्च डिकीत असू द्यावेत. पंपाची वायर मागच्या चाकापर्यंत पोहोचते का, हे घरीच पाहावं. टायर बदलताना त्याच मापाचे आणि निदान तेवढाच भार पेलणारे घ्यावेत, कारण ही गाडी तिच्या पेट्रोलच्या भावंडापेक्षा जड असते.

खर्चाचा क्रम

सगळ्याचा हिशोब असा. पहिले पैसे स्वतंत्र वायर, चांगला प्लग, आरसीसीबी आणि आर्थिंगवर. दुसरे पंप, पंक्चरचा संच, मॅट आणि केबिन फिल्टरवर. तिसरे डॅशकॅमवर, तोही फ्यूजच्या पेटीतून जोडलेला. वायर नसलेल्या वस्तू करोल बागेतून भाव करून आणा. वायरीच्या वस्तू कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लावा, पक्कं बिल घ्या आणि विम्यात नोंदवा. उरलेली यादी वर्षभर घडी करून ठेवा. वर्षाने त्यातलं बरंचसं लागलंच नाही असं दिसेल.

आणि आज रात्री एक काम करा. गाडी चार्जिंगला लावल्यावर तासाभराने पार्किंगमध्ये जा आणि प्लगच्या प्लॅस्टिकला हाताची मागची बाजू टेकवा. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर आधी गाडीतून चार्जिंग थांबवा, मग स्विच बंद करा आणि उद्या सकाळी पहिला फोन वायरमनला करा.